चित्रकादंबरी आणि नवागत वाचक : अपेक्षा, आकांक्षा व सन्निधी

१

छापील गद्याच्या वाचनावर ज्याची रुची पोसलेली आहे असा वाचक प्रथमच चित्रकादंबरी हाती घेतो, तेव्हा त्याच्या वाचनाची रीत बहुधा आधीच ठरलेली असते. फुग्यांतील संवाद आणि चौकटींच्या माथ्यावरील निवेदन तो क्रमाने वाचत जातो. चित्रांवरून त्याची नजर ओझरती फिरते. कोण बोलत आहे एवढे कळले की ती पुढे सरकते. जवळपास तीनशे पानांचे पुस्तक या रीतीने दोन-अडीच तासांत संपते. मग त्याच्या मनात उमटणारी प्रतिक्रिया 'एवढेच?' अशी असते. आशय गंभीर होता हे त्याला मान्य असते. परंतु तोच आशय एखाद्या कादंबरीत वा आत्मचरित्रात अधिक भरघोसपणे आला असता, असे त्याला वाटत राहते. ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहे, म्हणूनच तिचा विचार झाला पाहिजे. तिच्यामागे वाचकाची उथळता नसून त्याच्या वाचनसंस्काराची शिस्त आहे, आणि ती शिस्तच त्याला येथे आडवी येते.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये कोन्स्टान्त्स येथील आपल्या व्याख्यानापासून 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना वाङ्मयेतिहासाच्या चर्चेत आणली. कोणताही वाचक कोऱ्या मनाने पुस्तकाकडे येत नाही. पूर्वी वाचलेल्या कृतींनी आखून दिलेले एक क्षितिज तो बरोबर घेऊन येतो, असे तिचे सार सांगता येईल. चित्रकादंबरीच्या बाबतीत मराठी वाचकाचे हे क्षितिज कशाकशाने घडले आहे? त्यात 'चांदोबा' आहे, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आहे, अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली 'अमर चित्रकथा' आहे, १९९१ पासून 'सकाळ'मधून घरोघरी पोचलेला 'चिंटू' आहे. शिवाय दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांतली चित्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्या लेखनासोबत येणारी वसंत सरवटे यांची रेखाटने आहेत. ही परंपरा कमी प्रतीची मुळीच नाही. मात्र तिच्यामुळे दोन समजुती पक्क्या झाल्या. एक, चित्रांतून गोष्ट सांगणे ही मुलांसाठी, म्हणजे अजून नीट वाचता न येणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे. दुसरी, प्रौढांच्या पुस्तकात चित्र आलेच तर ते शब्दांच्या मागून येते, त्यांना शोभा देते. ते काढून घेतले तरी संहितेचे काही बिघडत नाही. चित्रकादंबरी या दोन्ही समजुतींना धक्का देते, आणि नवागताची अडचण या धक्क्यातून उद्भवते.

२

त्यात पुन्हा नावाने घोटाळा वाढवला आहे. 'ग्राफिक नॉव्हेल' ही संज्ञा रिचर्ड काइल या अमेरिकी समीक्षकाने १९६४ मध्ये वापरली. ती रूढ झाली ती विल आइस्नर यांच्या १९७८ मधील 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड' या पुस्तकामुळे. गंमत अशी की हे पुस्तक कादंबरी नव्हेच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका चाळवजा वस्तीतल्या चार कथा त्यात एकत्र गुंफल्या आहेत. या प्रकारातली सर्वाधिक चर्चा झालेली कृती, आर्ट स्पीगलमन यांची 'माउस', हीदेखील कल्पित नाही. पोलंडमधील ज्यू असलेल्या आपल्या वडिलांनी नाझी छळछावणीतून जीव कसा वाचवला याची, त्यांच्याच तोंडून ऐकलेली हकिकत तिच्यात आहे. दुसरा भाग प्रसिद्ध झाल्यावर १९९१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने खपाच्या यादीत तिला ललित कल्पित साहित्याच्या रकान्यात बसवले. स्पीगलमन यांनी त्याला लेखी हरकत घेतली आणि पुस्तक दुसऱ्या रकान्यात गेले. १९९२ मध्ये तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले.

मराठीत 'कादंबरी' हे वाङ्मयप्रकाराचे नावच मुळी बाणभट्टाच्या एका कृतीवरून आले आहे. तेव्हा एका ग्रंथाचे नाव संपूर्ण जातीला चिकटणे ही घटना आपल्याला नवी नाही. अडचण निर्माण होते ती 'कादंबरी' म्हणताच व्यक्तिरेखांच्या अंतर्मनाचे सविस्तर विश्लेषण, दीर्घ वर्णने, गद्याची लय या अपेक्षा जाग्या होतात म्हणून. चित्रकादंबरीत वर्णन नसतेच. जे गद्यात अर्धे पान घेईल ते तेथे एका चौकटीच्या कोपऱ्यात न बोलता पडलेले असते. नवागत वाचक ते वर्णन शब्दांत शोधतो आणि न सापडल्यामुळे कृती त्रोटक ठरवतो.

३

पिंगुळीच्या चित्रकथींचा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या या गावी ठाकर समाजातील कलावंत रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या सुट्या पानांवरून सांगत आले आहेत. अशा पानांच्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर धरतो, वाद्यांच्या साथीने गातो, बोलतो, पान बदलतो. येथे चित्र आणि शब्द दोन्ही आहेत आणि चित्रांचा क्रमही आहे. परंतु एका पानाकडून दुसऱ्या पानाकडे श्रोत्याला नेण्याचे काम कथेकऱ्याचा आवाज करतो. किती वेळ थांबायचे, चित्रातल्या कोणत्या आकृतीकडे पाहायचे, मध्ये काय घडले, हे सर्व तोच ठरवतो. चित्रकादंबरीत चित्रांची पोथी वाचकाच्या हाती देऊन कथेकरी निघून गेलेला आहे. नवागताला जे चुकल्याचुकल्यासारखे वाटते ते यामुळे. येथे कथेकऱ्याचे काम त्याने स्वतः करावयाचे असते आणि ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे काम नेमके काय? स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या १९९३ मधील ग्रंथात, जो स्वतःही चित्रचौकटींतच रचलेला आहे, दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीवर भर दिला. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड दिसते, पुढच्या चौकटीत रात्रीचे शहर आणि एक किंकाळी. घाव दोहोंच्या मधल्या कोऱ्या जागेत पडतो आणि तो वाचकाने घातलेला असतो. चौकटींमधील संक्रमणाचे त्यांनी सहा प्रकार केले. क्षणाकडून क्षणाकडे, कृतीकडून कृतीकडे, एका विषयाकडून दुसऱ्याकडे, एका प्रसंगाकडून दुसऱ्या प्रसंगाकडे, एकाच स्थळाच्या वा मनःस्थितीच्या एका पैलूकडून दुसऱ्याकडे, आणि ज्यांत उघड संबंधच दिसत नाही असे. अमेरिकी कॉमिक्समध्ये कृतीकडून कृतीकडे जाणारी संक्रमणे प्रचंड प्रमाणात आढळतात, तर जपानी मांगामध्ये पैलूंवरून फिरणारी नजर अधिक दिसते, असेही त्यांचे निरीक्षण आहे. वेताळाच्या गोष्टींवर वाढलेल्या वाचकाला पहिला वर्ग सहज साधतो आणि दुसऱ्याशी त्याची गाठ पडली की 'काही घडतच नाही' अशी त्याची तक्रार असते, याचे कारण येथे सापडते.

तथापि मराठीच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. पदे एकत्र येऊन वाक्यार्थ कसा सिद्ध होतो याची चर्चा आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन अटींच्या आधारे केली आहे. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता. पदे विलंबाविना, एकमेकांजवळ उच्चारली जाणे हा सन्निधी. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे नुसते म्हटले तर आकांक्षेच्या अभावी वाक्य होत नाही, आणि आगीने शिंपडावयास सांगितले तर योग्यतेच्या अभावी होत नाही. चौकटींच्या बाबतीत सन्निधी डोळ्यांसमोरच असतो, कारण चौकटी शेजारी शेजारी छापलेल्या असतात. योग्यता मात्र अनेकदा मुद्दाम मोडलेली असते, आणि तेथे मुख्यार्थाचा बाध होऊन लक्षणेचे दार उघडते. आकांक्षा वाचकाने पुरवावयाची असते. प्रत्येक चित्राला पुढच्या-मागच्या चित्राची अपेक्षा आहे, एवढी जाणीव नवागताला झाली की त्याची नजर रेंगाळू लागते. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील 'रिक्त जागा' म्हणून जे सांगितले त्याच्याशी हे जवळचे आहे. फरक इतकाच की कादंबरीतील रिक्त जागा वाचकाला जाणवावी लागते, तर येथे ती पानावर पांढऱ्या पट्टीच्या रूपाने दिसते. दिसत असूनही ती वगळली जाते, हे विशेष.

४

'माउस'मध्ये ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे, पोलिश लोक डुकरे. पंचतंत्र आणि इसापनीती लहानपणी ऐकलेला वाचक येथे तत्काळ एक अपेक्षा बांधतो. प्राणी आले म्हणजे स्वभाव आले. मांजर क्रूर, उंदीर भित्रा. आणि शेवटी बोध. काही पाने वाचून झाल्यावर ही अपेक्षा ढिली होते. उंदराचे डोके असलेला हा बाप कंजूष आहे, चिडखोर आहे, मुलाचा कोट परस्पर फेकून देतो, आणि त्याच वेळी त्याची स्मृती विलक्षण तपशीलवार आहे. बळी ठरलेला माणूस थोरच असला पाहिजे, ही बोधकथेची गरज स्पीगलमन भागवत नाहीत. शिवाय 'उंदीर' ही उपमा लेखकाची नव्हेच. ज्यूंना उंदीर-घुशींच्या रूपात दाखवणारा नाझी प्रचार त्याने उलटा धरला आहे. दुसऱ्या भागाच्या आरंभी मिकी माउसवर गरळ ओकणारा त्या काळातील एका जर्मन वृत्तपत्राचा उतारा त्यासाठीच येतो. ज्ञात्याला ही उपमा शिवीसारखी ऐकू येते. नवागताला ती गोंडस वाटते. ते गोंडसपण जिथे गळून पडते, तिथे त्याचे खरे वाचन सुरू होते.

शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. चित्रातील घोड्याकडे पाहताना होणारी प्रतीती सत्य नसते, मिथ्या नसते, संशयरूप नसते आणि केवळ सादृश्यरूपही नसते. अगदी तशाच प्रतीतीवर 'माउस' उभी आहे. माणसांनी उंदरांची डोकी धारण केली आहेत हे वाचक विसरत नाही आणि तरी त्या डोक्यांत त्याला माणसेच दिसतात. स्पीगलमन ही प्रतीती वारंवार ताणून पाहतात. पोलिश असल्याची बतावणी करताना पात्रे डुकराचा मुखवटा दोरीने बांधतात आणि ती दोरी चित्रात दिसते. एके ठिकाणी मुखवटा घातलेल्या आईच्या कोटाखालून उंदराची शेपटी बाहेर आलेली आहे. पकडले जाण्याची भीती निवेदनाच्या वाक्यांत आहे. परंतु ती लपवता न येणारी आहे, शरीरालाच जडलेली आहे, हे शेपटी सांगते. आईच्या आत्महत्येविषयीचे, १९७० च्या दशकाच्या आरंभी काढलेले जुने प्रकरण पुस्तकात जसेच्या तसे घातले आहे. त्यात मात्र चेहरे माणसांचे आहेत आणि रेषा खरवडल्यासारखी काळी आहे. शैलीतील हा बदल शब्द न वापरता सांगतो की या दुःखावर लेखकाला अजून मुखवटा चढवता आलेला नाही.

नवागताने कोठे थांबावे याचे उत्तम उदाहरण दुसऱ्या भागात मिळते. लेखक रेखाटनाच्या टेबलाशी बसला आहे. आता तो उंदीर नसून उंदराचा मुखवटा बांधलेला माणूस आहे. वडील १९८२ मध्ये वारले, पहिला भाग १९८६ मध्ये निघाला, तो गाजला, असे काही तो एकामागून एक सांगतो. मध्येच छावणीतील सामूहिक हत्यांची तारीख येते. नुसते शब्द वाचणाऱ्याला ही वैयक्तिक टिपणवही वाटेल. पण प्रत्येक चौकटीत त्याच्या डोक्याभोवती माश्या घोंघावत आहेत. का, ते कळत नाही. पानाच्या शेवटच्या मोठ्या चौकटीत दृश्य मागे सरकते आणि टेबलाच्या पायाशी प्रेतांची रास दिसते. माश्यांचा अन्वय तेव्हा लागतो, तोही उलट्या दिशेने. वाचकाला पुन्हा पहिल्या चौकटीकडे जावे लागते. काळ भर्रकन निघून जातो या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रयोगावर येथे श्लेषही आहे, कारण त्या भाषेत उडणे आणि माशी यांना एकच शब्द आहे. पण श्लेषाचा अर्धा भाग शब्दात आणि अर्धा चित्रात ठेवलेला असल्यामुळे तो फक्त वाचून किंवा फक्त पाहून हाती लागत नाही. ज्याने माश्या पाहिल्याच नाहीत त्याने हे पान वाचले आहे असे म्हणता येणार नाही.

चित्रांची भाषा सार्वत्रिक असते, ती शिकावी लागत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. 'माउस'मधील एक चित्र मराठी वाचकाला याविषयी सावध करते. वस्ती रिकामी झाल्यावर आई-वडील लपण्याच्या जागेच्या शोधात चालत निघतात आणि त्यांच्यासमोरचे रस्ते एकमेकांना छेदून स्वस्तिकाचा आकार घेतात. कोणत्याही वाटेने गेले तरी सुटका नाही, हा अर्थ युरोपीय वाचकाला क्षणात जाणवतो. उंबरठ्यावर, रांगोळीत, जमाखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक पाहत वाढलेल्या वाचकाला मात्र तेथे मंगल चिन्हाचा संस्कार बाजूला सारावा लागतो. त्याला एक क्षण अधिक लागतो. ही उणीव मानू नये. स्वतःचे क्षितिज स्वतःला दिसण्याचा तो क्षण आहे.

५

शब्दांवाचून वाचकाचे काय होते, हे पाहावयाचे असल्यास शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे 'द अरायव्हल' (२००६) घ्यावे. कुटुंबाला मागे ठेवून परक्या देशात गेलेल्या माणसाची ही कथा आहे. त्या देशातील पाट्या एका काल्पनिक लिपीत आहेत, प्राणी कधी न पाहिलेले आहेत, खाण्याच्या वस्तू ओळखू येत नाहीत. संपूर्ण पुस्तकात वाचता येईल असा एकही संवाद नाही. नायकाला जे वाचता येत नाही ते वाचकालाही वाचता येत नाही, आणि त्यामुळे विद्यापीठीय पदव्या घेतलेला वाचकही काही काळ त्या स्थलांतरिताइतकाच निरक्षर होतो. समोरासमोरच्या दोन पानांवर केवळ ढगांच्या लहान लहान चौकटी आहेत. जहाजावरचे दिवस त्यांतून सरतात. शब्दांच्या मागे धावण्याची सवय असलेला वाचक ही दोन पाने एका दृष्टिक्षेपात उलटतो. चौकटीमागून चौकट पाहणाऱ्याला प्रवासाचा कंटाळा, त्याची लांबी अंगावर घ्यावी लागते. चित्रकला अवकाशात आणि काव्य काळात नांदते, हा लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकोऑन'मध्ये केलेला भेद अशा पानांवर टिकत नाही. येथे अवकाशच काळाचे माप बनले आहे.

६

आतापर्यंतची उदाहरणे परदेशी होती आणि त्यांतील कथा मराठी वाचकाला अपरिचित. 'भीमायन'च्या बाबतीत स्थिती अगदी उलट आहे. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेल्या या इंग्रजी पुस्तकाचे लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे असून चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत दांपत्याची आहेत. आधार मुख्यत्वे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांचा. पाणी, निवारा आणि प्रवास या तीन सूत्रांभोवती प्रसंग रचले आहेत. शाळेतील तहान, १९०१ मधील गोरेगावचा प्रवास, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, बडोद्यातील पारशी वसतिगृह, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा किल्ला. यांतील बहुतेक प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक असतात. पुढे काय होणार, हे कुतूहल शिल्लकच नसते. मग तो वाचतो काय?

प्रथम तो गोंधळतो. 'अमर चित्रकथे'मध्ये आणि चौकाचौकांतील पुतळ्यांमध्ये पाहिलेले बाबासाहेब त्याच्या अपेक्षेत आहेत : निळा सूट, चष्मा, हातात ग्रंथ, वर उचललेले बोट. व्याम दांपत्याच्या चित्रांत माणसे बहुधा एका बाजूने दिसतात, डोळे मोठे असतात, अंगे बारीक रेषा-ठिपक्यांनी भरलेली असतात. चौकोनी चौकटी तर नाहीतच. परधान गोंडांच्या घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या 'दिगना' या नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. माणसांना चौकटीत कोंडणे आपल्याला रुचले नाही, अशी भूमिका चित्रकारांनी घेतली, हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातून कळते. ज्या पुस्तकाचा विषयच माणसांना गावाबाहेर, पाणवठ्याबाहेर, वाहनाबाहेर ठेवणाऱ्या सीमारेषा हा आहे, त्यात सरळ रेषेची चौकट नाकारणे हा निर्णय नुसता अलंकरणाचा राहत नाही. नवागताला मात्र पुढचे वाक्य कोठे वाचावे हे चटकन सापडत नाही. काही पानांवर हा गोंधळ खरोखरच अनावश्यक आहे, हे मान्य करावे लागेल.

फुग्यांचे आकारही येथे संकेतबद्ध आहेत. सौम्य, दुखावलेल्या माणसांचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते. जातीच्या अहंकारातून निघालेल्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचारांच्या फुग्यात डोळा काढलेला असतो. बोलण्याला 'डंख' असतो असे सहज म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हा संकेत दोन-तीन पानांत उमगतो आणि त्यानंतर एक विलक्षण अनुभव येतो. वाक्य वाचण्याच्या आधीच, नुसती नांगी दिसताच, त्याचे मन आवळते. मसूर स्टेशनावर उतरलेली, चांगले कपडे घातलेली मुले आपली जात सांगतात आणि समोरच्या माणसाचा चेहरा पालटतो, तो प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये संयत इंग्रजी गद्यात आहे. तेथे जे वाक्याच्या शेवटी कळते ते येथे वाक्याच्या आधी कळते. अस्पृश्यतेच्या अनुभवातील ही पूर्वसूचना, म्हणजे समोरचा तोंड उघडण्यापूर्वीच काय ऐकावे लागणार हे ठाऊक असणे, गद्याच्या क्रमात आणणे अवघड आहे.

प्रतिमांचा कारभारही असाच चालतो. आगगाडी सापासारखी, किल्ला हिंस्र श्वापदासारखा, रस्ता मोराच्या लांब मानेसारखा. हे सादृश्य पाश्चात्त्य अर्थाने रूपक नाही. गोंड चित्रपरंपरेत झाडे, प्राणी, वस्तू यांच्यात तशी पक्की वेस नसतेच. महाडला बाबासाहेब सभेपुढे बोलत आहेत तेथे ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यांतून लोकांवर पाणी शिंपडले जात आहे. योग्यतेच्या दृष्टीने हे जुळत नाही. कर्ण्यातून आवाज येतो, पाणी येत नाही. मुख्यार्थ बाधित होतो आणि शब्द व पाणी एक होतात. चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क आणि तो हक्क मागणारी वाणी यांचे नाते अनेक भाषणांत, लेखांत सांगितले गेले आहे. मराठी वाचकाने ते इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे ऐकणे जवळपास थांबले आहे. या पानापाशी ते पुन्हा ओले होते.

पुस्तकात उणिवा आहेत. बसथांब्यावरील दोन व्यक्तींच्या आरक्षणविषयक संवादातून कथनाला सुरुवात होते. हा संवाद प्रचारपुस्तिकेसारखा सरळसोट आहे आणि चित्रांच्या तुलनेत शब्द फिके पडतात. मध्ये मध्ये घातलेली अलीकडच्या अत्याचारांची वृत्तपत्रीय कात्रणे कथेचा ओघ तोडतात, परंतु ते तोडणे हेतुपूर्वक आहे : हे सारे संपलेले नाही, असे सांगण्यासाठी वृत्तपत्राच्या रुक्ष टंकाएवढे दुसरे साधन नाही. श्रीविद्या नटराजन यांनीच अपराजिता निनान यांच्या चित्रांसह केलेले 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' (२०११) महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर (१८७३) आधारलेले आहे. मूळ ग्रंथ धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात आहे, त्यामुळे फुग्यांना तो सोयीचा. तरीही ज्याने 'गुलामगिरी' मराठीत वाचली आहे त्याला जोतीरावांच्या वाक्यांचा धारदार, ओबडधोबड नाद या पुस्तकात सापडणार नाही. काळ्या-पांढऱ्या चित्रांतली थट्टा त्या नादाची थोडीफार भरपाई करते.

७

अध्यापनाच्या बाजूने एक अडचण उरते. कादंबरीवर लिहिताना उतारा उद्धृत करता येतो. चित्रकादंबरीतील फक्त शब्द उद्धृत केले तर अर्धे वाक्य उद्धृत केल्यासारखे होते. म्हणून विद्यार्थ्याला चौकटीचे वर्णन करावे लागते : कोण कोठे उभे आहे, काय अंधारात आहे, कोणती रेषा जाड आहे, मागील पानावर हीच आकृती कोठे येऊन गेली आहे. तिएरी ग्रोन्स्तीन यांनी १९९९ मधील आपल्या फ्रेंच ग्रंथात दूरदूरच्या चौकटींमधील अशा नात्यांना वेणीची उपमा दिली आहे. ही वेणी पहिल्या वाचनात दिसत नाही. नवागताने पान उघडताच शब्दांकडे न जाता आधी संपूर्ण पानावर नजर फिरवावी, मग क्रमाने वाचावे, आणि शेवटी पुन्हा पान सबंध पाहावे, एवढी साधी रीत पाळली तरी बराच फरक पडतो. वेळ अर्थातच तिप्पट लागतो.

ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ मध्ये निघाले. नर्मदेवरील धरणामुळे विस्थापित होणाऱ्या आदिवासींचा प्रश्न त्यामागे होता आणि भारतातील पहिल्या चित्रकादंबरीचा मान पुष्कळदा त्यालाच दिला जातो. नर्मदेच्या काठी महाराष्ट्रातील अक्कलकुवा-धडगावची गावेही होती. हे पुस्तक २०२२ मध्ये पुन्हा छापले गेले. असे पुस्तक मराठीत आणावयाचे झाल्यास अनुवादकापुढे भाषेच्या आधी जागेचा प्रश्न उभा राहतो. फुगा जेवढा आहे तेवढाच राहणार, आणि मराठी वाक्य त्यात मावले पाहिजे. शिरोरेषा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांमुळे देवनागरीच्या ओळींना उंची अधिक लागते. शिवाय मूळ अक्षरे हाताने काढलेली असल्यास टंकातील अक्षरे त्या चित्रात उपरी दिसतात. म्हणजे अनुवादकाच्या शेजारी अक्षरे रेखाटणारा कलावंत बसला पाहिजे. पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात तर पंखांच्या टोकांकडे शब्द आपोआपच आखूड निवडावे लागतील.